बोरनहाणातलं जर्मनीचं नाणं

मंदाकिनीबाईंनी केरसुणी बाजूला टाकली आणि गुडघ्यांवर बसून सोफ्याखाली हात घातला. चुरमुरे, दोन बोरं, एक लिमलेटची गोळी. नाणं नाही.

पाटाभोवतीचे चुरमुरे त्यांनी सुपात घेऊन पाखडलेही होते. त्यातही नाही.

मुलाच्या, सुश्रुतच्या, कंपनीच्या परदेशी फेऱ्यांमधून उरलेली परदेशी चिल्लर दह्याच्या डब्यात साठत चालली होती. ठाण्याचा पैसे बदलून देणारा फक्त नोटा घ्यायचा, नाण्यांना हात लावायचा नाही. "पुढच्या वेळी विमानतळावर दानपेटीत टाकतो," असं सुश्रुत दर खेपेला म्हणायचा आणि दर खेपेला डबा घरीच विसरायचा. नातीच्या बोरनहाणाला बाईंच्या मनात आलं, एवढी लक्ष्मी पडून आहे, ओतावी पोरीच्या डोक्यावरून. बिल्डिंगमधल्या बायकांना दिसू दे तरी. समोरच्या जयाने परवा नातवावर काजू ओतले, तर आठवडाभर तेच सांगत फिरत होती.

पण आसावरीने, सुनेने, डबा पाहिला. "आई, नाणी नकोत. मैथिली दोन वर्षांची आहे, तोंडात घालेल."

"चार पोरं वाढवली मी. एकानेही काही गिळलं नाही," बाई म्हणाल्या. तरी डबा कपाटात ठेवला. ठेवताना कडेला सोनेरी आणि मधे चंदेरी असं एक नाणं मुठीत राहिलं. राहिलं कसलं, त्यांनीच ठेवलं. चुरमुऱ्यांच्या मापातून ते पोरीच्या डोक्यावरून गेलं, आणि कुणालाच दिसलं नाही.

जयाच्या नातवाने उचललं असेल, असं त्या मनाशी घोकत होत्या, तेवढ्यात आतून हाक आली. "आई, ही पाणीसुद्धा गिळत नाहीये!"

मैथिली आईच्या कडेवर मान पुढे काढून बसली होती. हनुवटीवरून लाळ फ्रॉकवर उतरत होती. रडत नव्हती, तेच वाईट होतं.

"दाढा येत असतील," बाई म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

ठाकुर्लीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पडद्यावर एक्स-रे दाखवला. "गळ्याखाली अडकलंय. गोलाच्या आत गोल दिसतोय ना? खेळण्यातला चपटा सेल असा दिसतो. सेल असेल तर दोन तासांत अन्ननलिका भाजून निघते."

"तिचं दिव्याचं बदक," सुश्रुत पुटपुटला. "सकाळी त्याचं झाकण निघालेलं. आत सेल नव्हता."

आसावरी पोरीचं तोंड उघडून आत बघू लागली.

घरून निघाल्यापासून बाई देवाला विनवत होत्या, नाणं नसू दे, दुसरं काहीही असू दे. आता त्याच देवाला म्हणू लागल्या, नाणंच असू दे. माझंच असू दे.

"डॉक्टर, ते नाणं असेल."

"कसलं नाणं?" आसावरीने मान वळवली.

"जर्मनीचं. दोन रंगांचं. मी टाकलं मापात. एकच टाकलं."

"दोन धातूंचं नाणंही असंच दिसू शकतं," डॉक्टर म्हणाले. "पण आजी, तिने ते तोंडात घालताना पाहिलंत?"

"नाही."

"मग मी सेलच धरून चालणार. आमच्याकडे घशात घालायची दुर्बीण नाही. ठाण्यात खोपटच्या हॉस्पिटलला फोन करतो, तुम्ही निघा."

माणकोलीच्या पुलावर सुश्रुतने विचारलं, "किती वाजता ओतलंस?"

"पाच वाजून गेलेले."

गाडीतल्या घड्याळात साडेसहा झाले होते. मागे पोरीच्या घशातून घरघर येत होती. घरघर जरा थांबली की बाई गर्रकन मागे वळायच्या.

"मला तर म्हणालात, डबा ठेवला," आसावरी म्हणाली.

"डबा ठेवलाच होता." शब्द तोंडातून सुटला आणि बाईंना वाटलं, ही जीभ कुणीतरी ओढून काढावी.

खोपटला मैथिलीला आत नेलं आणि दार लागलं. बाई भिंतीला टेकून उभ्याच राहिल्या. सुश्रुतने दोनदा बस म्हटलं, त्यांना ऐकूच आलं नाही. त्या दाराच्या फटीखालचा उजेड बघत होत्या. त्यातून पावलं इकडून तिकडे जात होती, भराभर.

शेवटी डॉक्टर बाहेर आले. "निघालं. नाणंच होतं. थोडं खरचटलंय, उद्यापर्यंत इथे ठेवू."

"माझंच होतं!" बाई सुश्रुतचा दंड धरून म्हणाल्या. आवाजात चक्क आनंद होता, आणि तो आसावरीनेही ऐकला.

आत मैथिली घोगऱ्या आवाजात रडू लागली. बाई दाराकडे झेपावल्या. आसावरी आडवी आली.

"तुम्ही इथेच बसा."

"अगं, नुसतं तोंड बघते पोरीचं."

"नको. सुश्रुत, जयाकाकूंकडे किल्ली आहे, त्यांना फोन कर. तो बदकातला सेल घरात शोधायला सांग."

ती आत गेली आणि दार लागलं. सुश्रुत पाठ फिरवून फोनवर बोलू लागला. बाई बाकावर बसल्या. आतलं रडणं मधेच थांबलं, की त्या बाकावरून अर्ध्या उठायच्या. पुन्हा सुरू झालं, की त्या श्वास सोडायच्या.