आसारामतात्याची गाडी आन् तेलाचे ठिपके

ह्यातला एक शबुद जरी खोटा निघाला, तर माझे ऱ्हायलेले चार दात आत्ताच्या आत्ता गळून पडोत! चुलीची आन घेऊन सांगते, समदं खरं हाय.

तिसगावजवळच्या वस्तीवर आमच्या शेजारच्या घरात आसारामतात्या ऱ्हातो. डाक्टरनं शुगर सांगितल्यापास्नं त्याची बायको बनुबाई त्याला गुळाचा खडा दिसू देईना. पन बाजाराच्या दिवशी तात्याचा जीव गोडीशेवेत अडकायचा. गुळात घोळलेली, दाताखाली कुडुमकुडुम वाजनारी! बनुबाईनं दम दिल्ता, "आता येकदा जरी सापडलात, तर फटफटीची चावी माझ्या कनवटीला. मंग बसा वट्यावर माश्या मारीत."

गाडी गेली की बाजार गेला, बाजार गेला की शेव गेली. तात्या चोरून खायचा, चूळ भरायचा, मिशा पुसायचा. तरी सापडायचा. चुगली करायची ती गाडीच. इंजनाच्या येका नळीतनं तेल ठिबकायचं, आन बनुबाई मागनं भाजीला गेली की ठिपके वाचीत यायची.

"अवं, शेववाल्याच्या पालापुढं ताटायेवढा डाग हाय. तितं काय गाडीला झोप लागल्ती?"

शेवटी तात्या नियाज मिस्त्रीकडं गेला. नियाजनं झाकन काढून इंजनात डोकावलं.

"तात्या, तेल किती वतलं?"

"पोटभर."

"पट्टीवरच्या खुनेपोत्तर वतायचं अस्तंय!"

"येवढी राबती बिचारी, तिला काय मोजून घालायचं? जरा आग्रह केला."

"इंजन हाय ह्ये, पंगतीतला व्याही न्हाई. त्याला श्वास घ्यायला जागा लागती. तुमी जागाच ठिवली न्हाई, म्हनून त्ये नळीतनं वकतंय. जादाचं काढू द्या."

पन पोटात घातलेलं परत काढायचं, ह्ये तात्याच्या जिवावर आलं. "त्यापरीस नळीला बाटली लाव की."

नियाजनं कपाळाला हात मारला. खोकल्याच्या औषधाची बाटली तारेनं अडकवली, नळी बुचातनं आत सोडली, आन बुचाला शेजारीच येक बारकं भोक पाडलं. "तेल बाटलीत पडंल, हवा भोकातनं जाईल. भोक बुजवू नका बरं, श्वास कोंडंल."

त्या बाजारी तात्या तासभर शेववाल्यापुढं हुता, आन भुईवर ठिपका न्हाई! पावशेर खाल्ली, पावशेर खिशात घातली, आन शिट्टी वाजवीत निघाला.

अर्ध्या वाटंत बघतो तर काय, भोकातनं तेलाची बारीक फवारनी चाललेली, पांढऱ्या इजारीवर नक्षी उमटलेली. आता ही इचारंल, तेल कुटनं आलं? मंग बाटली बघंल, मंग इचारंल, बाटली कशाला लावली? तात्यानं भोकात खुपसायला खिसा चाचपला. खिशात दुसरं काय असनार? शेवेची येक कांडी काढली आन दिली भोकात दाबून. उन्हानं मऊ झालेला गूळ भेगंत लांबी भरल्यागत बसला.

गाडी वस्तीपोत्तर कन्हत आली. बनुबाई अंगनात सुपात डाळ पाखडत हुती. घरी आल्याची वर्दी म्हनून तात्यानं शेवटची मूठ पिळली, तशी फाट्टकन बाटली उडाली! निंबावरच्या कावळ्याला लागली, त्यो कावळा चक्कर येऊन कोंबड्यांत पडला, आन बाटली सुपात. समदी डाळ काळी.

बूच मातर नळीलाच लोंबत हुतं. बनुबाईनं ते वढून घेतलं, वट्यावर दोनदा आपटलं. भोकातली कांडी टपकन भाईर पडली.

"ह्यो कंचा पार्ट म्हनायचा?"

"त्यो... वायसर हाय."

"वायसरला गुळाचा वास येतो व्हय?" तिनं हात फुडं केला. "चावी."

तात्यानं चावी काढून तिच्या हातावर ठिवली. खिशातली पुडी तिनं सोताच काढली आन कोंबड्यांपुढं रिकामी केली. दुसऱ्या दिशी नियाजला बोलावून तेल खुनेपोत्तर आनलं. तवापास्नं येक थेंब सांडत न्हाई. बाजारच्या दिशी बनुबाई कनवटीची चावी काढून देती, आन सोता माघं बसून जाती.

आता खालचा येक दात हलाय लागलाय, म्हनून सांगून टाकते. कावळ्याचं खरंच हाय, म्या डोळ्यानं बघितला. पन पुडीचं म्या जरा बनवलं. कोंबड्यांना त्यातली येक कांडी मिळाली न्हाई. बनुबाई आन म्या, दोघींनी परड्यात बसून संपवली.