पावणेचारची दया

मित्रांनो, मी एक जुना सॉफ्टबोर्ड, म्हणजे पिनांनी कागद टाचायचा फळा आहे. सध्या मुक्काम एका जाहिरात कंपनीच्या अडगळीच्या खोलीत, तोंड भिंतीकडे. शेजारी तीन पायांची खुर्ची आहे. तिलाही फारसं काही बोलायचं नसतं.

माझा जन्म लाकडाच्या भुशातला. भुसा दाबला, वाळवला, वर हिरवं कापड ताणलं, चारी कडांना पट्ट्या ठोकल्या. मला वाटलं, आपण शाळेत जाणार. वर्गातले सुविचार, मुलांनी काढलेली फुलं, असं काहीतरी अंगावर मिरवणार. नशिबात जाहिराती होत्या. सुविचार इथेही असत, फक्त त्यांच्याखाली किंमत छापलेली असे.

मला पाण्याच्या फिल्टरशेजारी टांगलं, कारण काम असो वा नसो, तहान प्रत्येकाला लागते. ही अक्कल मास्तरांची. मास्तर म्हणजे कंपनीतले सगळ्यांत जुने कॉपीरायटर, जाहिरातीतला मजकूर लिहिणारे. नवखं माणूस आलं की ते मास्तरांच्या गळ्यात पडायचं. मास्तर भाषण देत नसत. नवख्याने लिहिलेला कागद सकाळी माझ्यावर लावायचा, खाली नाव घालायचं नाही. मग दोघांनी दहा पावलं मागे जायचं, पाणी प्यायचं सोंग करायचं आणि जाता-येता कोण थांबून वाचतं ते बघायचं. कोणीच थांबलं नाही, तर मास्तर पुढे येऊन मेलेल्या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल काढत. नुसता गोल. स्वतःचा एक शब्दही लिहायचा नाही, हा त्यांचा नियम.

"रोग मी दाखवीन," ते म्हणायचे, "औषध तुझं तू शोध."

या पद्धतीने किती लेखक घडले ते मी सांगू शकत नाही. पण इतकं पाणी पिऊन सगळ्यांची मूत्रपिंडं ठणठणीत राहिली, एवढं नक्की.

अशी बरीच नवखी येऊन गेली. मग बारकी आली. सगळ्यांत लहान, म्हणून बारकी. तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलेली. जमलं तर कायम, नाही तर तिच्या मामाने बँकेत जागा धरून ठेवलेली होतीच. मामा रोज विचारायचा, "झाली का हौस?"

पहिल्या दिवशी तिने मिक्सरच्या जाहिरातीसाठी लिहिलं, 'गुणवत्तेचा नवा अध्याय'. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक माणूस थांबला, तोही बुटाची नाडी बांधायला.

मास्तरांनी अख्ख्या ओळीभोवती गोल काढला. "अगं, तुझ्या घरी बोलतं का कोणी असं? आई म्हणते का, जेवायला चल, चवीचा नवा अध्याय वाढलाय?"

बारकी हसली नाही. दुसरा कागद घेऊन आली. मग तिसरा. दोन महिने माझ्या अंगावर नुसते गोल होते. लांबून पाहणाऱ्याला वाटे, कोणीतरी भूमितीचा अभ्यास करतंय.

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीला गादीवाल्या कंपनीची जाहिरात आली. दुपारी चारला क्लायंट येणार होता. पावणेचार वाजले तरी बारकीच्या कागदावर एकही जिवंत ओळ नव्हती. ती डोळे लाल करून माझ्यासमोर उभी होती. मास्तरांचा गुडघा त्या दिवशी दुखत होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या कागदावर स्वतः लिहिलं, 'उद्याची तयारी झोपून करा.'

गादीवाला तीनदा हसला. साहेबांनी त्याच संध्याकाळी बारकीच्या हातात कायम केल्याचं पत्र ठेवलं. टाळ्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्यावर कागद लावला. जाहिरातीचा नव्हता, तेच पत्र होतं. त्यात तिच्या नावाभोवती पेन्सिलीने गोल काढलेला होता.

मास्तर सवयीने दहा पावलं मागे गेले. मग पुढे आले. "हे काय?"

"मेलेला शब्द दाखवलाय, सर. बाकीचं पत्र ठीक आहे."

"वेडी आहेस का? नोकरी आहे ती! मामा काय म्हणेल?"

"मामा खूश आहे. काल सगळ्या नातेवाइकांना फोन करून ओळ ऐकवली त्याने. तुमची."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "दया आली गं मला."

"उद्या दुसरी ओळ मागतील, सर. तेव्हा कुठून आणू? मला दया नको होती, अजून एक महिना हवा होता."

मास्तर पत्र काढून घेऊन थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं, म्हणून मला ऐकू आलं.

"मास्तर, पोरगी पास झाली, तुम्ही तिला नापास कशाला करताय?"

"पास मी झालोय साहेब, या वयात. तिचा पेपर अजून व्हायचाय. महिना वाढवा."

साहेबांनी महिना वाढवला. ऑफिसात बोभाटा झाला की म्हाताऱ्याने पोरीच्या पोटावर पाय दिला. मास्तर पेन्सिलीला टोक करत बसले. खरं काय ते सांगायला बारकीला वेळ कुठे होता?

या वेळी जाहिरात होती कानाच्या यंत्राची. गोलामागून गोल पडत राहिले. तेविसाव्या दिवशी तिने कागद लावला. त्यावर मोठ्या अक्षरांत, 'आजोबा हल्ली सगळ्याला हो म्हणतात.' आणि खाली बारीक, 'त्यांना ऐकू येत नाही.'

फरशी पुसणाऱ्या मावशी थांबल्या. पोछा हातात तसाच, पाणी पायावर ठिबकतंय. "कोणाचे गं आजोबा?"

"माझे, मावशी," बारकी म्हणाली.

"आमचे हेपण असंच हो म्हणतात." मावशींनी पुन्हा वाचलं. "मला आपलं वाटायचं, माणूस समजूतदार झालाय."

मास्तरांचा हात पेन्सिलीकडे गेला होता. तो तसाच रिकामा खाली आला. त्यांनी ग्लास भरला आणि त्या दिवशी ते खरंच पाणी प्यायले.

महिनाअखेरीला पत्र पुन्हा आलं. मजकूर तोच, तारीख नवी. बारकीने ते दोनदा वाचलं आणि घडी करून पर्समध्ये ठेवलं.

पुढे मास्तर निवृत्त झाले. माझी भिंत पाडून तिथे काच आली आणि मी इथे आलो. आता नवख्यांना 'मेंटर' मिळतो. ईमेलवर नाव येतं, दर गुरुवारी अर्धा तास ठरतो आणि दर बुधवारी तो पुढे ढकलला जातो. मास्तरांच्या जागी बारकी बसते. तिला आता कोणी बारकी म्हणत नाही, मॅडम म्हणतात.

गेल्या महिन्यात या खोलीचं दार उघडं राहिलं होतं. बाहेर एक नवखा म्हणत होता, "मॅडम, चारला क्लायंट येतोय, अजून काहीच जमलं नाही."

"दे इकडे," ती म्हणाली. दोन मिनिटांत तिने ओळ लिहून वाचून दाखवली. फार चांगली ओळ होती. आठवड्याभरात तो कायम झाला म्हणून केक कापल्याचा गलका ऐकू आला. तो मुलगा कुठलंही पत्र घेऊन कोणासमोर उभा राहिला नाही. त्याला ते सुचणार तरी कसं? आणि मी तिला दोष देत नाही. ती दमलेली आहे. मीही दमलोय. दमलेल्या माणसाला दया पटकन येते, शिकवायला वेळ लागतो.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्या हाताखाली कोणी नवखं आलं, तर त्याच्या वाईट कामासमोरही जरा वेळ उभे राहा. त्याचं काम त्याला करू द्या, उशीर झाला तरी. आणि कुठे भिंतीवर माझा एखादा भाऊबंद दिसला, तर पिन सरळ ओढा. वाकडी ओढली की भोक मोठं होतं, आणि मग तिथे पुन्हा काही टिकत नाही.