पान चारशे बारा

आमच्या ह्यांनी लाकडाच्या वखारीत एकतीस वर्षं काढली ती फळ्यांकडे बघण्यात. फळी समोर आली की तिच्यावरून अंगठा फिरवायचा, नाकाशी न्यायची आणि झाड कोणतं, कुठल्या डोंगरातलं, दाराला चालेल की नुसतं खोक्याला, ते सांगून मोकळं व्हायचं. निवृत्त झाल्यावर फळ्या संपल्या, सवय राहिली. पहिले दोन महिने घरातल्या खुर्च्या-कपाटांची कुळं निघाली. माझ्या माहेरून आलेली पेटी अगदी हलक्या लाकडाची आहे हे मला लग्नानंतर तेहेतीस वर्षांनी कळवण्यात आलं. मग जुन्या पुस्तकांच्या दुकानात ह्यांना ते पुस्तक सापडलं. जगातल्या कुत्र्यांच्या जाती, चारशे आठ पानं, रंगीत चित्रं. तिथून आमच्या इमारतीचे दिवस फिरले.

त्या पुस्तकासारखी बडदास्त माझी कधी झाली नाही. हात धुऊन, पुसून, मगच ते उघडायचं. मी एकदा त्यावर कात्री ठेवली तर दोन दिवस अबोला धरला. आत पेन्सिलची रेघसुद्धा चालायची नाही. पुस्तकात फक्त खरं असतं, आपण त्यात लुडबुड करायची नसते, असं ह्यांचं म्हणणं.

पुस्तक पाठ झाल्यावर हे लिफ्टमध्ये उभे राहायला लागले. खालच्या मजल्यावरचा जाडजूड लॅब्राडोर आत शिरला की मालकाला सांगायचे, हा थंड समुद्रावरचा, कोळ्यांची जाळी ओढणाऱ्यांच्या घराण्यातला. त्या घराण्याचा वारस तेव्हा मालकाच्या खिशातून बिस्किटाचा पुडा ओढत असायचा. व्हायोलिनच्या बाईंकडे लांबलचक, आखूड पायांचा एक होता. बिळात घुसून जनावर ओढून काढायला हा घडवलाय, असं ह्यांनी सांगितलं. तो फरशी पुसायच्या फडक्याला घाबरून पलंगाखाली बसायचा, पण त्या दिवसापासून बाई त्याला घेऊन छाती काढून चालायला लागल्या. माणसाला स्वतःचे पणजोबा ठाऊक नसले तरी चालतं. कुत्र्याचे पणजोबा कुठल्या बर्फातले होते हे कळलं की मान ताठ होते.

सगळ्यात ताठ मान आमच्या अध्यक्षांची. अध्यक्ष म्हणजे चौथ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांच्याकडे पांढरा, रेशमी केसांचा, मुठीत मावेल असा माल्टीज. हा राण्यांच्या मांडीवर वाढलेला कुत्रा, असं ह्यांनी एकदा म्हटलं आणि अध्यक्ष स्वतःच राणीच्या मांडीवर वाढल्यासारखे वागायला लागले.

अशात एक बेवारशी कुत्रा लिफ्टने पाचव्या मजल्यावर गेला आणि शांतपणे परत खाली आला. चावला नाही, भुंकला नाही, घाण केली नाही. त्याचा गुन्हा एवढाच की तो कोण, हे कुणाला सांगता येईना. अध्यक्षांनी सभा बोलावली आणि नियम झाला: ज्या कुत्र्याची जात लेखी ठरलेली नाही त्याला इमारतीत जागा नाही. जात ठरवायचं काम अर्थात ह्यांच्याकडे. ह्यांनी रात्रंदिवस बसून चौदा रकान्यांचा अर्ज तयार केला. उंची, लांबी, डोकं, कान, शेपूट, खूण, स्वभाव, सगळं. आमच्या मुलीचं स्थळ बघताना ह्यांनी मुलाला तीन प्रश्न विचारले होते.

मी हसत होते तोवर ठीक होतं. पुढच्याच महिन्यात माझे बाबा पडले.

बाबा आई गेल्यापासून एकटेच राहतात, बसने दोन तासांवर. एकटे म्हणजे ते आणि पाहुण्या. आईच्या मागे भेटायला येणारी माणसं थांबली त्याच आठवड्यात एक कुत्रा दारात येऊन बसला, तो उठलाच नाही. म्हणून त्याचं नाव पाहुण्या. बाबा न्हाणीघरात घसरले तेव्हा चार तास तसेच पडून होते. पाहुण्याने भुंकून भुंकून आळी गोळा केली आणि दार फोडणाऱ्यांनाही बाबांच्या जवळ जाऊ देईना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यांना आता एकटं ठेवू नका. मी बाबांना म्हटलं, चला आमच्याकडे. ते म्हणाले, येतो, पण दोघे येतो. नाहीतर आहे तिथे बरा आहे.

मी घरी येऊन ह्यांना विचारलं. ह्यांना माझ्या माहेरी जाऊन दोन वर्षं झाली होती. बसने गुडघे दुखतात, हे कारण. त्याआधीही तिथे गेले की पाहुण्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. तो एका कोपऱ्यात, हे दुसऱ्या कोपऱ्यात पेपरमागे. ज्याला जातच नाही त्याच्याकडे काय बघायचं, असं असणार, हे मी मनाशी धरून चालले होते.

"त्याला एखादी जात लावून टाका ना," मी म्हटलं. "तुमच्या सहीचं काम आहे."

"खोटं लिहायचं?" ह्यांनी चष्मा काढला. "सासऱ्यांचा कुत्रा म्हणून? नियम म्हणजे नियम."

मला इतका राग आला की जेवताना मी ह्यांच्याकडे पाठ करून बसले. ज्या माणसाने मला चालायला शिकवलं त्याने म्हातारपणी ओल्या फरशीवर पडून राहायचं, का, तर त्याच्या कुत्र्याचं चित्र पुस्तकात नाही. हे मात्र आठवडाभर मागच्या खोलीत दार लावून बसले आणि बाहेर आले ते नवी टूम घेऊन. परीक्षकावर पक्षपाताचा आळ येऊ नये म्हणून यापुढे कुत्र्याला बघणंच बंद. अर्जावर मालकाचं नाव नाही, मजला नाही, फक्त नंबर. मापं तिसऱ्याच माणसाने घ्यायची आणि परीक्षकाने ती वाचून जात सांगायची. नंबर कुणाचा, हे निकालानंतर अध्यक्षांनी उघडायचं. जुन्या कुत्र्यांचीही फेरतपासणी. बाहेरून येणाऱ्या कुत्र्यालाही अर्ज खुला, पण फाटकातून आत पाऊल टाकण्याआधी.

तिसरा माणूस म्हणजे मी. मी तळमजल्यावर शिवणकाम करते आणि माझ्या टेपात चूक निघाली असं सत्तावीस वर्षांत कुणी म्हटलेलं नाही. मी कपाळावर हात मारला. इमारतीतले चार कुत्रे मोजले. अध्यक्षांच्या माल्टीजचे पाय पुस्तकातल्या मापापेक्षा पाऊण इंच लांब भरले. मी दोनदा मोजले आणि लांब भरले तसे लिहिले. मग मला सुचलं. नावच नाही तर ह्यांना कळणार कसं? रविवारी टेप पिशवीत टाकून मी बाबांकडे गेले.

पाहुण्या मापं द्यायला शहाण्यासारखा उभा राहिला. पाठ तपकिरी, छाती मळकी पांढरी, एकच मोजा घातल्यासारखा मागचा एक पाय पांढरा. एक कान उभा, एक पडका. शेपूट डावीकडे वळून अर्ध्यात थांबलेली. मी मनात आणलं असतं तर दोन इंच इकडचे तिकडे करून त्याला एखाद्या जातीत बसवलं असतं. पण टेप हातात असला की माझ्याच्याने खोटं लिहवत नाही, हा आमच्या घरातला दोघांचाही रोग. खुणेच्या रकान्यात लिहिलं, डाव्या कानाचं टोक नाही. हे कसं झालं, ते मी पहिल्यांदाच बाबांना विचारलं. झालं असेल कुत्र्यांच्या भांडणात, असं म्हणून ते चहा ठेवायला उठले.

सभा सकाळी तळमजल्यावरच्या खोलीत होती, एरवी जिथे सायकली ठेवतात तिथे. ह्यांच्यापुढे पाच अर्ज. नंबर एक आणि दोन सरळ निघाले. नंबर तीनपाशी हे थांबले, पाय प्रमाणापेक्षा लांब आहेत म्हणाले, आणि निर्णय तूर्त राखून ठेवला. अध्यक्षांनी खुर्चीत चुळबुळ केली. आपल्या कुत्र्याची मापं कोणती, हे त्यांनाही ठाऊक असणार. नंबर चार निघाला. मग ह्यांनी माझा पाचवा कागद उचलला.

हे वाचत राहिले. खुणेच्या रकान्यावर अंगठा ठेवला, फळीवर ठेवायचे तसा. मला वाटलं, आता म्हणणार, याला जात नाही. बाबांना काय सांगायचं याचे शब्द मी जुळवायला लागले.

"नंबर पाच साधा कुत्रा नाही," हे म्हणाले. "हा खिंडीतला राखणदार. फार दुर्मिळ."

मग पाच मिनिटं ह्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला माझाच अर्ज ओळखू येईना. उंच डोंगरातल्या एका खिंडीत हे कुत्रे असतात. एक कान वाऱ्यासाठी उभा, एक मालकासाठी पडका. एक पाय पांढरा, म्हणजे धुक्यात मागच्या मेंढ्यांना दिसावा. शेपूट अर्ध्यात थांबते ती काटकसर. आणि डाव्या कानाचं टोक तिथले मेंढपाळ लहानपणीच काढतात, झुडपात अडकू नये म्हणून. स्वभाव: एकाच माणसाचा. कमी खातो. दारांबद्दल सावध. व्हायोलिनच्या बाईंनी ओढणीच्या टोकाने डोळे टिपले.

मी मनातल्या मनात उड्या मारत होते. काय हा मोठेपणा! शोध लावायची इतकी हौस, की साध्या गल्लीतल्या कुत्र्याच्या मापांतून ह्यांनी डोंगर उभा केला. फसले, आणि तेही माझ्या खऱ्या मापांनी फसले.

अध्यक्षांनी पाकीट उघडून नंबर पाचचा मालक वाचला.

"म्हणजे तुमचे सासरेच," अध्यक्ष सावकाश म्हणाले. "ही जात पुस्तकात आहे ना?"

"पान चारशे बारा."

"मग ते पान आपण सगळ्यांनी बघू या."

ह्यांनी कागद एकावर एक लावले, कडा जुळवल्या. "जरूर बघू. मग सगळ्यांचीच पानं बघू. नंबर तीनपासून सुरुवात करू."

अध्यक्षांनी घसा साफ केला. इतक्या अनुभवी परीक्षकावर अविश्वास दाखवणं इमारतीला शोभत नाही, असा ठराव त्यांनी स्वतःच मांडला. तो एकमताने मंजूर झाला आणि पाठोपाठ नंबर तीनचा निर्णयही चांगला लागला. जिन्यात त्यांनी मला गाठून हळूच विचारलं, त्या खिंडीतल्या जातीचं पिल्लू कुठे मिळेल का.

घरी आल्यावर हे मिनिटभर मागच्या खोलीत जाऊन आले आणि बाबांना आणायला लगेच निघाले. स्वतः, बसने, गुडघ्यांसकट. मी पुस्तक काढलं, कारण नुसत्या मापांवर हे फसले ते कुठल्या जातीमुळे, हे मला बघायचंच होतं. हात धुवायचं विसरले. पुस्तक चारशे आठ पानांचं आहे हे पानं उलटता उलटता आठवलं. त्यापुढे शेवटची कोरी पानं होती. त्यांच्या कोपऱ्यात बारीक आकडे घातले होते: चारशे नऊ, चारशे दहा, चारशे अकरा. चारशे बाराव्यावर ह्यांच्या अक्षरात, शाईने, चौदा रकाने भरलेले होते.

जात: नाही. मूळ ठिकाण: माहीत नाही, सासऱ्यांच्या दारात आला आणि राहिला. कान: एक उभा, एक पडका. स्वभाव: पडलेल्या माणसाला सोडून जात नाही. खूण: डाव्या कानाचं टोक नाही. कारण: दोन वर्षांपूर्वी मी मागे न बघता लोखंडी फाटक लावलं. टाके तीन. सासरे कुणाला बोलले नाहीत. कुत्राही नाही.

उंचीचा रकाना आधी रिकामा ठेवलेला असावा, कारण तिथली शाई वेगळी होती. एकोणीस इंच, बायकोच्या मापाप्रमाणे, म्हणजे बिनचूक.

मी मशीनजवळच्या स्टुलावर बसले. नंबरांची टूम बाबा पडल्यानंतरच्या आठवड्यातली होती, हे मला तेव्हा कुठे लक्षात आलं. सासऱ्यांचा कुत्रा म्हणून सही केली असती तर कुणीही बोट दाखवलं असतं. सभेत चारचौघांपुढे एवढं खोटं बोललेल्या माणसाला पुस्तकात मात्र एक ओळ खोटी लिहवली नव्हती. आणि मी आठवडाभर ह्यांच्याकडे पाठ करून जेवले होते. मला ह्यांचा फार राग आला, नेहमीचा नाही, वेगळाच. एवढं सगळं एकट्याने पोटात ठेवायला मी काय परकी होते? मी रडले, मग पानावर थेंब पडू नये म्हणून पुस्तक मिटून जागेवर ठेवलं.

दिवेलागणीला तिघे आले. आधी बाबा काठी टेकत आत आले. पाहुण्या उंबऱ्यावर थांबला आणि ह्यांच्या हाताकडे बघत राहिला. हे दार धरून उभे होते. बाबा म्हणाले, येईल तो, घाई करू नका जावईबापू. ह्यांनी घाई केली नाही. पाहुण्याने एक पाय आत टाकला, मग दुसरा, मग तो पांढरा. शेपूट पूर्ण आत आल्यावरही हे खाली वाकले, कान बघितला, शेपूट बघितली, आणि मग दार इतकं हळू लावलं की कडी लागल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

"अध्यक्ष पिल्लू मागतायत, या जातीचं," मी म्हटलं.

"त्यांना सांग, याच्यासारखा दुसरा नाही," हे म्हणाले आणि हात धुवायला गेले.