जो बोलत नाही, तो नाही

आमच्या फॉर्ममधला सतरावा प्रश्न असा होता: "नसलेली माणसं किंवा वस्तू दिसतात का?" केजपासून गेवराईपर्यंत एकूणएक म्हाताऱ्यांनी त्यावर 'नाही' सांगितलं. का नाही सांगणार? शेजारी सून उभी, दारात गल्ली गोळा झालेली आणि मी खणखणीत आवाजात विचारतेय. हो म्हटलं की संध्याकाळपर्यंत 'म्हातारीला बाहेरचं झालंय' हे गावभर. हा प्रश्न लिहिणारे कधी कुणाच्या ओट्यावर बसले नसावेत, असं माझं तेव्हाही मत होतं.

मी रोहिणी. चष्मा लावूनही ज्यांचं भागत नाही अशा अंधुक दिसणाऱ्या लोकांवरच्या एका संशोधनात फिरतीचं काम करते. डोळे तपासायचे, भिंगं द्यायची, उरलेल्या नजरेत घर कसं सांभाळायचं ते शिकवायचं आणि नोंदी ठेवायच्या.

गेवराईच्या जाहेदाखालानं 'हो' सांगितलं, तेही मी फॉर्म बॅगेत टाकल्यावर. वीस वर्षं तिनं स्टँडजवळ फळांचा गाडा लावला होता. गेल्या दोन वर्षांत दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला, गाडाही गेला. मुलगी आफ्रीन दिवसभर मेडिकल दुकानात कामाला, खाला एकटी घरी. उजव्या मनगटाला प्लास्टर होतं.

"मॅडम," तिनं हळूच विचारलं, "जिन दुपारचेबी येतात का वं?"

मग सगळं बाहेर पडलं. दुपारी अंगणात दोन मुली येऊन उभ्या राहायच्या. कधी फेटेवाला म्हातारा. आणि दारात एक तरुण माणूस. कुणी एक शब्द बोलायचं नाही. "तुमी बसलाव, तुमचं तोंड मला दिसत न्हाई. पन त्या पोरींच्या फ्रॉकवरचे ठिपके मोजून घ्या माझ्याकडून."

त्या तरुणाला ती आपला मुलगा मुस्तकीम समजली होती. चार वर्षांपूर्वी त्यानं तिच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हा तिनं दारात उभं राहून सांगितलं होतं, मी मेले तरी मातीला येऊ नको. तो पुण्याला गेला तो गेलाच. आफ्रीनलाही त्याचा नंबर ठेवायला बंदी केली. राग कधीच ओसरला होता, पण बोललेला शब्द मागं घ्यायला माणूस समोर हवा ना. म्हणून तो दारात दिसल्याबरोबर ती हात पसरून धावली, उंबऱ्याला अडखळली आणि मनगट मोडून बसली. दारात कुणी नव्हतं.

मी तिला समजावलं. डोळ्यांकडून काही येत नाही म्हणून मेंदू आपल्याच मनानं चित्रं काढतो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यातला प्रकार. वेड नाही, जिन नाही. ती रडली. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी तिला 'तू शहाणी आहेस' असं सांगितलं होतं.

मग युक्ती शिकवली. कुणी दिसलं तर उठायचं नाही. मान न हलवता डोळे डावीकडे-उजवीकडे पंधरा वेळा फिरवायचे. तरी गेलं नाही तर तोंडानं म्हणायचं, तू नाहीस, आणि पाठ फिरवायची. तिनं विचारलं, "आन् खरंच कुनी असलं तर?"

"खरा माणूस बोलतो, खाला. जो बोलत नाही, तो नाही."

दुसरीही एक खूण मला ठाऊक होती. नसलेली माणसं लखलखीत दिसतात, असलेली पुसट. पण दोन खुणा सांगितल्या तर म्हातारीचा गोंधळ होईल, असं मी ठरवलं. मला फार कळत होतं त्या काळात.

अजून एक शिकवलं होतं. नजरेच्या मधोमध डाग असतो, म्हणून समोरच्याला बघायचं तर तोंड जरा बाजूला वळवायचं, मग तो डागाच्या कडेनं दिसतो. तेही ती चटकन शिकली. महिन्याभरात दिसण्याचं प्रमाण रोजच्यावरून आठवड्यातून एकदा, मग शून्यावर आलं. आमच्या साहेबांनी तिचा आलेख सगळ्यांना दाखवला. मी बीडच्या ऑफिसात मान ताठ करून फिरत होते.

मे महिन्यात पुन्हा गेले, तेव्हा प्लास्टर निघालं होतं. खाला खुशीत होती.

"मंगळवारी एक आलता," ती म्हणाली. "दुपारच्या, जोहरच्या नमाजानंतर. तोच, दारातला. पन तुझं औषध लागू पडलं बघ. आता पार पुसट झालाय. तोंडच न्हाई त्याला, तुझ्यावानी. खांद्यावर कसलं तरी गाठोडं."

माझा पेन थांबला.

"डोळे फिरवले. गेला न्हाई. मग तू शिकवलं तसं म्हनलं, तू न्हाईस, जा. आन् पाठ करून जपाची तसबी घेऊन बसले. वळून बघितलं तर साफ!" ती हसली. "लिही, शून्य लिही."

मी शून्य लिहिलं नाही. काहीतरी कारण सांगून बाहेर पडले. गल्लीच्या तोंडाशी मैनुद्दीनमामू टरबुजांचा गाडा लावतात. मी विचारायच्या आत तेच म्हणाले, "तुमच्या खालाचं काळीज दगडाचं हाय बगा. मंगळवारी मुस्तकीम आलता. खांद्यावर पोरगी झोपलेली. मीच म्हनलं, जा ना बे, आई हाय तुझी. पाच मिन्टांत माघारी आला. पानीबी पिला न्हाई."

"मामू, तिला दिसत नाही हे त्याला सांगितलंत?"

"त्याला ठाव नसंल का? लेक हाय तिचा."

ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. मामूंकडं त्यानं नंबर ठेवला होता, मी तिथूनच फोन लावला.

"मी कायबी बोललो न्हाई," मुस्तकीम म्हणाला. "तिनं एक शब्द बोलावा, मग पाय धरावं, आसं ठरवून आलतो. तिनं मला बघितलं आन् तोंड फिरवलं. मग म्हनली, तू न्हाईस, जा. मग पाठ केली. आजून काय ऐकायचं ऱ्हायलं, मॅडम?"

तोंड फिरवणं, तू नाहीस म्हणणं, पाठ फिरवणं. तिन्ही धडे माझे. ज्या मुलासाठी तिनं हात मोडून घेतला, त्याला तिच्याच तोंडानं मी हाकलून दिलं होतं. मी त्याला डोळ्यांचं सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं, माफी मागितली. पलीकडे रिक्षांचे हॉर्न वाजत होते.

"डोळे? अम्मीचे?" तो म्हणाला. मग म्हणाला, "बघतो."

आपल्याकडं 'बघतो' म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही कळतं. पण त्याला कुठल्या तोंडानं दोष देऊ?

परत जाऊन खालाला सांगितलं. ती शिव्या देईल, बॅग फेकून देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं तसबी खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, "पोरगी केवढी व्हती?"

"मामू म्हणाले, वर्ष-दीड वर्षाची असेल. इरम नाव आहे."

"इरम," ती म्हणाली.

त्याला आता तीन आठवडे झाले. मुस्तकीम माझा फोन उचलत नाही. मध्ये आफ्रीन दुकानाबाहेर भेटली. म्हणाली, अम्मीनं डोळे फिरवायचं सोडलंय, सगळे परत यायला लागलेत. दुपारी कुणीही दिसलं की अम्मी उठते, जवळ जाते, सतरंजी झटकते, पाण्याचा तांब्या भरून ठेवते. आफ्रीन ओरडली तर म्हणते, शंभर खोटे बसले तरी चालंल, एक खरा उभा ऱ्हायला नको.

काल मी पुन्हा गेले. दार उघडं होतं. सतरंजीवर पाण्यानं भरलेले चार पेले मांडून ठेवले होते, आणि खाला खाटेवर बसली होती. माझी चाहूल लागताच तिनं तोंड बाजूला वळवलं.

मी लगेच नाव सांगायला हवं होतं. आमच्या कामातला तो पहिला नियम आहे, दारातूनच नाव सांगायचं. पण ते पेले बघत मी नुसतीच उभी राहिले.

ती उठली. उंबऱ्याचा अंदाज घेत, दोन्ही हात पुढं करून माझ्यापर्यंत आली. तिचे हात माझ्या दंडाला लागले, वर सरकले आणि खांद्यावर येऊन काहीतरी शोधायला लागले.

"झोपलीय का?" तिनं अगदी हळू विचारलं.

"खाला, मी रोहिणी."

हात थांबले. तिनं ते काढून घेतले नाहीत.

"असू दे," ती म्हणाली. "तूबी बस."