देशाची ओळख करून देताना

ब्रिन्या रेक्याविकहून आमच्या गावात आली ती एक छोटी फिल्म करायला. आइसलँडला जावं की न जावं अशा विचारात असलेल्या परदेशी लोकांना हा देश दाखवायचा, त्याची ओळख करून द्यायची, असं काम तिला एका पर्यटन कंपनीनं दिलं होतं. धबधबे झाले होते, हिमनद्या झाल्या होत्या. आता तिला स्वयंपाकघरात बसून चार शब्द बोलणारा एखादा साधा माणूस हवा होता. बंदरावर कुणीतरी तिला माझ्या भावाचं नाव सांगितलं.

सांगणारा नक्की हसला असणार. माझा भाऊ ग्रिमुर जन्मभर मासेमारीच्या बोटीवर कप्तान होता आणि समोरच्याला सोलून काढल्याशिवाय त्याला कॉफी गोड लागत नसे. वहिनी गेल्यापासून मी त्याच्याकडेच राहत होते.

ब्रिन्यानं कॅमेरा खिडकीसमोर लावला. आमच्याकडे पोरंसोरंही म्हाताऱ्यांना नावानंच हाक मारतात, तशी तीही लगेच सुरू झाली.

"ग्रिमुर, एवढंच म्हण. इथं या, इथं शांतता आहे."

"शांतता? आमचा वारा ऐकलायस का? माझी बायको जन्मभर माझ्याशी ओरडून बोलली. मला वाटायचं, रागावलीय. मग एकदा वारा पडला तेव्हा कळलं, बिचारी मीठ मागत होती."

"बरं, मग तुझ्या मनातलं सांग."

"स्वेटर आणा म्हणावं. आणि येताना स्वतःचं डोकं घेऊन या, आमच्याकडे भाड्यानं मिळत नाही."

"उन्नुर, हा नेहमी असाच असतो का गं?" तिनं मला विचारलं.

"आज पाहुणे आहेत म्हणून जरा बरा आहे," मी म्हटलं.

तेवढ्यात बशीत कप किणकिणले. ब्रिन्यानं टेबल गच्च धरलं. "हे काय होतं?"

"काही नाही. जमिनीला खाज सुटलीय," ग्रिमुर म्हणाला. "पॅनकेक घे, गार होतात."

असे धक्के कितीतरी दिवस चालले होते. सुरुवातीला आम्ही रेडिओ लावून बसायचो, मग मानही वर करेनासे झालो. जमिनीखाली लाव्हारस सरकतोय, पण गावापासून दूर, असं रेडिओवर सांगत होते. आणि आम्ही तर हलणाऱ्या जमिनीवरच लहानाचे मोठे झालो होतो. भीती कसली?

त्यानंतरचा धक्का मात्र वेगळा होता. आधी आवाज आला, बोट बंदराच्या धक्क्याला आदळावी तसा, पण पायांखालून. फ्रिज चालत खोलीच्या मधोमध आला, दार उघडून दूध सांडलं. ब्रिन्या टेबलाखाली होती. मग सगळं थांबलं.

"ही खाज जरा मोठी होती," ग्रिमुर म्हणाला आणि चक्क हसला.

खिडकीतून परसात वाफ उठताना दिसली. "गरम पाण्याचा पाइप फुटला वाटतं. बघून येतो," म्हणत तो मागच्या दारानं बाहेर पडला. घरातल्या चपला घालूनच. मी फडकं घेऊन दूध पुसायला वाकणार होते, पण का कोण जाणे, त्याच्याकडे बघत उभी राहिले. तो गवतावर गेला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला.

आणि मग तो नव्हता.

तो पडला असं मी म्हणणार नाही. पडताना माणूस हात हलवतो, ओरडतो. तसं काहीच झालं नाही. गवत तेवढं मुडपल्यासारखं दिसत होतं, सतरंजी आत दुमडावी तसं. मी म्हणाले, "शेडच्या मागं गेला." अगदी शांतपणे म्हणाले. स्वतःचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

"नाही गं," ब्रिन्या म्हणाली. "उन्नुर, तो आत गेला. जमिनीत गेला!"

आम्ही धावलो. हिरवळीखाली भेग उघडली होती, दाराएवढी रुंद, काळी, आणि आतून ऊबदार हवा येत होती. घर बांधलं तेव्हापासून त्या जागेवर कपडे वाळत घातले जात होते. मी पालथी पडून हाका मारल्या. काही नाही. पुन्हा मारल्या. मग खालून आवाज आला, "उन्नुर, माझी चप्पल गेली."

एका अडकलेल्या दगडावर तो टेकला होता. मी शेडमधून जाळ्याचा दोर आणला. ब्रिन्या आपल्या जीपचा भोंगा दाबून बसली, शेजारी येईपर्यंत तिनं हात काढला नाही. दोर त्यानं स्वतःच काखेखाली बांधला. बोटीवरच्या माणसाला गाठ शिकवावी लागत नाही. आम्ही सगळ्यांनी ओढलं. वर आला तेव्हा खांदा मोडला होता, चेहरा राखेसारखा. माझ्याकडे बघितलं, पण ओळख दिली नाही.

त्याच संध्याकाळी गाव रिकामं करा असा हुकूम आला. आम्ही दिवे चालू ठेवून, दार उघडं टाकून निघालो.

कॅमेरा चालूच राहिला होता. खिडकी, परस, ग्रिमुर, सगळं त्यात आलं होतं. कंपनीला कळलं तेव्हा त्यांनी ब्रिन्यामागं लकडा लावला, जगभर लोक बघतील म्हणून. ती दवाखान्यात आली. तोवर ग्रिमुर कुणाशी एक शब्द बोलला नव्हता. तिनं त्याला ते दाखवलं आणि विचारलं, काय करू?

त्यानं पूर्ण बघितलं. "मी एवढा म्हातारा दिसतो?" म्हणाला. मग कॅमेरा तिच्याकडे सरकवत, "पुसून टाक."

तिनं आमच्यासमोर पुसलं. पुढं तिचं ते काम गेलं, असं ऐकलं.

काही आठवड्यांनी गावकऱ्यांना सामान काढायला थोड्या वेळापुरतं आत सोडलं. बचाव पथकाचा माणूस दारात उभा राहून "आटप, आटप" म्हणत होता. मी पिशव्या भरल्या आणि शहरातल्या भाड्याच्या घरी येऊन टेबलावर रिकाम्या केल्या. तिसरा मजला होता तो. खालच्या बागेतल्या गवतावर ग्रिमुर पाऊल ठेवत नव्हता, वळसा घालून फरसबंदीवरून यायचा.

एक तवा. अर्धी पिशवी पीठ. एका हाताचा हातमोजा. पडद्याची दांडी.

"फोटो?" त्यानं विचारलं.

"नाही."

"तिचं घड्याळ?" वहिनीचं म्हणायचं होतं त्याला.

"नाही रे. मला काही सुचलंच नाही."

त्यानं दांडी उचलली, उलटसुलट करून बघितली आणि हसायला लागला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मीही हसले. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि माझं लक्ष त्याच्या दुसऱ्या हाताकडे गेलं. त्यानं टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती, बोटं पांढरी पडेपर्यंत, आणि सोडत नव्हता.