कमरेतले जादा कापड

मी एक जुनी पांढरी पेशी आहे, आणि मित्रांनो, ओरडून ओरडून माझा घसा बसला आहे.

माझा जन्म एका शिंप्याच्या छातीच्या हाडात झाला. काम साधे होते. मेलेल्या पेशी गिळायच्या, जंतू दिसला की बहिणींना हाका मारायच्या, काम संपले की गप्प बसायचे. एकदा कात्रीने त्याचे बोट कापले, तर आम्ही चार दिवसांत जखम भरून काढली. "माझं रक्तच चांगलं," असे तो गिऱ्हाइकांना ऐटीत सांगे. श्रेय रक्ताला, राबायचे आम्ही!

पुढे माझी नेमणूक पोटाच्या चरबीत झाली. तिथल्या पेशी इतक्या ठासून भरल्या होत्या की मरू लागल्या. मी हाका मारल्या. बहिणी आल्या, त्यांनीही हाका मारल्या. वर्षे गेली, पण काम संपेना की गलका थांबेना. त्या गलक्यात इन्सुलिनचा 'साखर आत घ्या' हा निरोप कुणाला ऐकू जाईना. साखर रक्तातच फिरत राहिली आणि हळूहळू तिने पायाच्या नसा बधिर केल्या.

दुसऱ्या कुणाला पँट घट्ट झाली की कळते. हा पडला शिंपी. शिवतानाच कमरेत जादा कापड सोडायचा आणि दर वर्षी उसवून अर्धा इंच वाढवायचा. याला काय म्हणावे?

शेवटी मशीनचे पायडल दाबायच्या अंगठ्यात टाचणी रुतली. बधिर पायाला ती कळलीच नाही. आम्ही थकलेल्या. तीन आठवडे झाले तरी जखम भरेना.

एका सकाळी लेक दुकानात आली आणि त्याच्या पायाकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, मोजा!"

त्याने गळ्यातली टेप काढली. "काय मोजू?"

"पायातला मोजा काढा म्हणते मी. रक्त लागलंय त्याला."

तिने अंगठ्याची जखम पाहिली. मग तिने तीच टेप त्याच्या कमरेभोवती धरली. बेचाळीस. लग्नातली पँट चौतीसची होती.

"टेप आखडली असेल," तो म्हणाला.

"आठ दिवस उशीर झाला असता, तर अंगठा गेला असता," त्याच दिवशी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. मधुमेहाची औषधे सुरू झाली, जेवण आवरले, रोजचे चालणे आले. अंगठा वाचला.

काल त्याने पँट पुन्हा उसवली. मी कपाळाला हात लावला. पण या वेळी त्याने कंबर अर्धा इंच आत घेतली आणि उरलेले जादा कापड कापून टाकले.

मित्रांनो, आमचे ओरडणे तुम्हाला ऐकू येत नाही. निदान आपल्या कपड्यांना तरी खोटे बोलायला शिकवू नका.