हळद कुणाच्या घरून निघायची

माझी बायको मथुरा गेली त्याला वर्ष व्हायला आलं होतं. आमच्याकडं घरातलं माणूस गेलं की लग्नकार्य वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात. म्हणून माझ्या मुलीनं, निकितानं, यंदाच लग्न करायचं म्हटलं तेव्हा मी थांब म्हणालो नाही.

ती लग्न करणार होती शिवप्रियाशी. उमरग्याची मुलगी, लिंगायत घरातली. दोघी पुण्यात नोकरी करतात, बरीच वर्षं एकत्र राहतात. असलं लग्न सरकारदरबारी धरत नाहीत, हे निकितानंच मला सांगितलं. त्यासाठी ती मोर्च्याला जाते, भाषणं करते. कोर्टानं सांगितलं होतं, हे काम आमचं नाही, संसदेचं.

"मग आता?" मी विचारलं.

"मग भांडत राहायचं. पण तोवर म्हातारं व्हायचं का, आबा? हळद तरी लावून घेऊ."

मला मोर्च्यातलं कळत नाही. एक गोष्ट मात्र मी बघितली. मथुराला सोलापूरला एका दवाखान्यात नेलं होतं. आयसीयूच्या दारावरच्या माणसानं मला विचारलं, तुम्ही कोण? मी नवरा म्हणालो. त्यानं चप्पल काढायला लावून आत सोडलं. शिवप्रियानं महिनाभर मथुराला भरवलं होतं, तिची वेणी घातली होती. तिलाही त्यानं तेच विचारलं. ती जरा थांबली आणि म्हणाली, "मैत्रीण." तिला बाहेर बाकावर बसवलं. आत मथुरा विचारत होती, प्रिया कुठं गेली? मी म्हणालो, येतीय.

त्याच दिवशी मथुरा म्हणाली, "ह्या दोघींची हळद आपल्या जात्यावर दळा. दुकानातली पुडी आणू नका." त्यानंतर ती फारसं बोलली नाही.

लग्न उमरग्याला होतं, हळद आदल्या दिवशी आपापल्या घरी. गावात पत्रिका वाटताना किराणावाल्या धुळाप्पानं ती लांब धरून वाचली.

"दोन्हीकडं चि. सौ. कां. छापलंय की. छापणारा चुकला का तुमी?"

"दोघी मुली आहेत. दोघी सौ. कां."

"मग चिरंजीव कोण?"

"तू हो," मी म्हणालो. दुकानातली माणसं हसली. पत्रिका त्यानं ठेवून घेतली.

हळदीच्या दिवशी दारात मांडव होता. निकिता पिवळं लुगडं नेसून पाटावर बसली. गल्लीतल्या बायका आल्या होत्या, बऱ्याचशा बघायलाच. आमच्यात आधी नवऱ्या मुलाला हळद लागते, आणि त्यातली उरलेली नवरीकडं येते. ती उष्टी हळद. ती आल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. आम्ही मुलीकडचे. आम्ही वाट बघत बसलो.

ऊन डोक्यावर आलं. बायका एकेक करून उठल्या. एक जाता जाता म्हणाली, "नवराच न्हाय तर हळद कुठनं येणार, बाई."

माझी थोरली वहिनी सिताबाई तेवढी राहिली. म्हणाली, "भावजी, फोन तरी लावा. मुलीकडच्यांनी मागू नये, पण लावा."

मी शिवप्रियाच्या आईला, शांतम्माला, फोन लावला.

"आमी सकाळपासनं दारात बसलोय की!" ती म्हणाली. "हळद कवा पाठवताय?"

"आम्ही पाठवायची?"

"मग? आमची मुलगी न्हाय व्हय?"

"आमची पण मुलगीच आहे."

"अय्यो, शिवा," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "लवकर करा काय ते. हे म्हणतेत, हळद न्हाय आली तर मांडव सोडतो. त्यांना कारणच पायजे होतं."

'हे' म्हणजे हणमंतप्पा, शिवप्रियाचे वडील. लग्नाला त्यांनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

निकिता आधी हसली. मांडवाचं ऐकल्यावर तिनं तोंड फिरवलं.

वहिनी म्हणाली, "दुकानातनं पुडी आणा, कालवते."

"नको. दळायची."

"पाच सवाशिणी लागतेत जात्याला. हितं मी एकटी. आन तुमाला तर आता..." तिनं वाक्य सोडून दिलं. जोडीदार गेलेल्यानं हळदीच्या जात्याला हात लावू नये, हे मलाही माहीत होतं.

मी हळकुंडं खलबत्त्यात कुटली. मागल्या खोलीतलं जातं पुढं ओढलं आणि खुंटा धरला. वहिनी थोडा वेळ बघत उभी राहिली. मग पदर खोचून समोर बसली.

"उलटं फिरवताय, भावजी. जन्मभर दळलेलं खाल्लं, दळताना बघितलं न्हाय व्हय कवा?"

खरं तर बघितलं नव्हतं. तिनं खुंट्यावर हात ठेवून जातं सुलट फिरवलं. दोघांनी मिळून वाटीभर हळद काढली.

मी वाटी घेऊन मोटारसायकलवर उमरग्याला गेलो. हणमंतप्पा दारात खुर्ची टाकून बसले होते. शिवप्रिया पाटावर होती. शांतम्मानं वाटी घेतली, आत बघितलं.

"निकिताला लावून आणली ना?"

मी लावली नव्हती. घाईत दळली आणि निघालो.

"मग ही उष्टी न्हाय," हणमंतप्पा म्हणाले.

"न्हाय तर न्हाय," शांतम्मा म्हणाली. "आपण करू उष्टी. ह्यांनी माघारी न्यावी." तिनं वाटी त्यांच्यापुढं धरली. "पयली तुमी लावा."

हणमंतप्पांनी वाटीकडं बघितलं, मग माझ्या पिवळ्या बोटांकडं.

"कोण दळली?"

"मी."

त्यांनी चिमूट घेऊन बोटांत चोळली. "चाळली न्हाय," म्हणाले. मग खुर्चीवरून उठले, वाकले आणि ती चिमूट मुलीच्या पायाला लावली. पुन्हा खुर्चीवर जाऊन बसले. मांडवाचं कुणी काही काढलं नाही.

उरलेली हळद मी झाकून घरी आणली. उन्हं कलली होती. निकिता त्याच पाटावर बसून होती. वहिनीनं तिच्या कपाळाला लावली आणि वाटी माझ्या हातात दिली. मी गालांना लावली.

"टोचतीय की, आबा," निकिता म्हणाली.

"घरची आहे," मी म्हणालो.